कमळाक्काचं शिळं पाणी

कमळाक्का कुणाच्याही घरी गेली की आधी बसत नसे. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून उभी राहायची, मान थोडी कलती करायची आणि ऐकायची. आपण म्हणावं, "आक्का, या की, बसा," तर हात वर करून आपल्यालाच गप्प करायची. मग सरळ मोरीत जायची, गळका नळ पिळून बंद करायची आणि बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणायची, "हां, आता बोल. काय म्हणतीस?" घरी आलेली बाई आपल्या मोरीत शिरते हे कुणाला आवडेल? मला तर मुळीच आवडायचं नाही. पहिल्यांदा तिनं हे केलं तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "आक्का, आमचा नळ आम्ही बघू." ती म्हणाली, "बघा की. नुसतं बघत ऱ्हायलाय म्हणून तर गळतोय." मी चहा टाकायला आत गेले.

बेळगावातली आमची इमारत तशी लहान, सहा घरांची. गच्चीवर एक टाकी, खाली जिन्याजवळ एक मीटर, आणि पाण्याचं जे बिल येईल त्याचे सहा सारखे वाटे. कमळाक्का दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या घरात राहायची. निपाणीकडच्या खेड्यातली. चिकोडी भागातल्या दवाखान्यांत तिनं नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, तो पुण्यात. निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःच्या पैशातनं हे घर घेतलं आणि दारावर पाटी लावताना मुलाचं नाव न लावता स्वतःचं लावलं. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला "बाई" म्हणायची. बोलताना मी तिला तुम्ही म्हणायची, मनात मात्र ती कायम "ती"च होती, अजूनही आहे.

बुटकी, सावळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नोकरी सुटली तरी पायांत नर्सेसचे ते पांढरे बूट तसेच. "सवय हाय गं, चप्पल घातली की वाटतंय रजेवर हाय." रागावली की कानडीत शिरायची. मराठी तिला रागवायला पुरत नसे. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस वायसर न बदलता नुसता दोरा गुंडाळून निघाला होता, त्याला तिनं जिन्यातनं परत बोलावलं आणि कानडीत असं काही सुनावलं की तो बिचारा पाच मिनिटांत दुकानातनं वायसर घेऊन आला. वर तिनंच त्याला उप्पीट खायला घातलं. खात असताना त्याच्या आईची चौकशी केली, तिच्या साखरेच्या गोळ्या विचारल्या. तो माणूस पुढं कायम तिला मावशी म्हणायला लागला.

तिच्या घरात पाणी एकदाच वापरलं जात नसे. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला. कुंडीतलं फूल हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीपुढं. वॉशिंग मशीनचं पाणी बादलीत धरायचं आणि त्यानं जिना पुसायचा, आपल्या मजल्यापुरता नव्हे, सगळा. अंघोळ एका बादलीत, तीही काठोकाठ नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "आक्का, तुम्हाला पेन्शन आहे, मुलगा कमावतो. हे बिल तुम्हाला इतकं जड जातं होय?"

"जड जात न्हाय गं बाई. पर जे मी वापरलं न्हाय त्याचं मी का भरू? आणि मी वापरलेलं दुसऱ्यानं का भरावं? सहा घरांचा एक मीटर हाय. एकाच्या मोरीतलं पाणी सहाजणांच्या खिशातनं वाहतंय."

तिच्या पुतण्याच्या लग्नाला मी तिच्याबरोबर निपाणीला गेले होते. ती नवरदेवाची आत्या, अंगावर काठपदराची रेशमी साडी, मान मोठा. आणि ही बाई काय करते? पंगत उठली की टेबलांवर ज्या अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या उरतात, त्या गोळा करून भांडी घासायच्या टबात रिकाम्या करते. भाऊ धावत आला. "आक्का, लोकं काय म्हणतील? व्याही बघायला लागलेत."

"बघू देत की. त्यांच्याकडच्याबी बाटल्या हायत ह्यात."

भाऊ कपाळाला हात लावून गेला. पुढच्या पंगतीनंतर नवरीकडच्या दोन करवल्या हसत हसत तिच्या मदतीला आल्या आणि मग बघता बघता तो एक खेळच झाला. मी आपली लांब खुर्चीत बसून होते. मला असली कामं चारचौघांत जमत नाहीत.

आता शिळ्या पाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात पूर्वी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की घरातल्या बायका पहिलं काम काय करत? तर घागरी, कळशा, पिंपं, जे काही भरून ठेवलेलं असेल त्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतून देत. शिळं झालं ना ते. मग भांडी लखलखीत घासायची आणि ताजं भरायचं. आदल्या दिवशीपर्यंत ज्या पाण्याला तांब्या तांब्यानं जपलं, तेच सकाळी गटारात. माझ्या आईनं हे केलं, सासूनं केलं, मीही केलं. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. शिळी भाकरी आपण खाऊ, पण शिळं पाणी म्हटलं की अंगावर शहारा.

पुढं चोवीस तास पाणी आलं, मीटर बसले. खरं तर आता भरून ठेवायची गरजच उरली नव्हती. पण उद्या येईल कशावरून? इतक्या वर्षांचा अविश्वास एका पाइपानं जातो होय? भरणं चालूच राहिलं. आणि नळाला ताजं पाणी रोजच, म्हणून ओतणंही रोजचं झालं. पूर्वी चार-पाच दिवसांतनं एकदा होणारं काम आम्ही दररोज सकाळी करू लागलो, तेही मीटर फिरत असताना. पहिल्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींकडं तर पितळेच्या घागरींची रांगच होती. रोज चिंच लावून घासायच्या, रोज रिकाम्या, रोज भरलेल्या. आम्हाला त्या घागरींचं कौतुक वाटायचं.

मग मीटरप्रमाणे बिलं सुरू झाली आणि सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. जास्त वापरलं की दरही वरचा लागतो, हे तेव्हा कळलं. इतकं पाणी जातं कुठं? बोट दाखवायला माणूस आयता सापडला. त्याच सुमाराला तळमजल्यावर शांतव्वा राहायला आली होती.

शांतव्वा खानापूरकडच्या खेड्यातली. तिच्या नवऱ्याला, तात्यांना लकवा झाला, एक अंग गेलं, बोलणंही गेलं. गावाकडं उपचार होईनात म्हणून मुलगा शंकर त्या दोघांना बेळगावात घेऊन आला. तो टेम्पो चालवायचा, दिवसभर बाहेर. मुंबईच्या मालकाचं तळमजल्यावरचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. चादरी, कपडे, रबरी कापड, रोज ढीगभर. शांतव्वाच्या न्हाणीतला नळ सकाळपासून ऐकू यायचा, आणि बाकीच्या पाच घरांचे कान तिकडं लागलेले असायचे.

पाटीलअण्णांनी आपल्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. अण्णा बँकेतनं निवृत्त झालेले, गावाकडं शेती, माणूस वाईट नव्हे. पण एकदा त्यांच्या डोक्यात आकडा शिरला की बाकी काही शिरत नाही. ते म्हणाले, "मी मालकाला फोन केलता. तो म्हणतोय तुम्ही ठरवा. आजारी माणूस हाय, मला कळतंय. पर आम्ही किती दिवस भरायचं? दिवाळीपर्यंत दुसरीकडं घर बघा म्हणून सांगू त्यांना."

सगळ्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे होकार. दुसरीकडं घर म्हणजे कुठं? तळमजला पाहिजे, दवाखाना जवळ पाहिजे, आणि असला रुग्ण घरात आहे म्हटल्यावर भाड्यानं देणारा पाहिजे. शंकर आधी चार महिने हेच शोधत फिरत होता. ते सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

कमळाक्का म्हणाली, "शांतव्वा कुठं हाय? तिचं घर काढायला बसलाय, तिलाच बोलावलं न्हाय?"

"तिला कशाला आणि लाजवायचं," पाटीलवहिनी म्हणाल्या.

"बरं. मग मीच बोलते. दिवाळीपर्यंत बिल खाली आणते. न्हाय आलं तर तिच्याबरोबर मीबी हे घर सोडते."

अण्णा हसले. "आक्का, तुमचं सोताचं घर हाय ते."

"म्हणून तर सोडते म्हणते. भाड्याचं सोडण्यात काय हाय?"

जिन्यात मी तिला गाठलं. मला भयंकर राग आला होता. "काय हे बोलून बसलात? जन्मभर नोकरी करून घेतलेलं घर, आणि पाण्याच्या बिलावर लावलंत?"

"पाण्याच्या बिलावर न्हाय," ती म्हणाली. "झोपलेल्या माणसाला उठवून बाहेर काढायलेत, त्याच्यावर लावलं. आणि तू काय चिडायलीस? तू मघाशी मान खाली घातलीस तवा मी बोलले का काही?"

दुसऱ्या दिवशी ती खडेबाजारात गेली आणि रिक्षातनं एक मोठा निळा प्लास्टिकचा ड्रम घेऊन आली, झाकणाचा, खाली तोटी असलेला. तो जिन्याखाली ठेवला. मग दारोदार फिरली. प्रत्येक दारात एकच सांगणं, "सकाळी शिळं पाणी मोरीत ओतू नका. खाली ड्रममध्ये आणून ओता. शांतव्वाचं धुणं त्यात निघंल." नाही म्हणायला कुणाकडं कारण नव्हतं. टाकूनच द्यायचं होतं ते. पाटीलवहिनींनी नाक मुरडलं, पण त्याही पितळेची घागर काखेत मारून उतरल्या.

पहिल्याच सकाळी ड्रम गळ्यापर्यंत भरला. मी माझी कळशी ओतून उभी होते. कमळाक्का झाकण धरून उभी. आमचं आम्हालाच आश्चर्य वाटत होतं की रोज एवढं पाणी आपण गटारात सोडत होतो. शांतव्वा बादली घेऊन आली. तिनं तोटीखाली बादली लावली आणि विचारलं, "सगळ्यांच्या घरचं व्हय हे?"

"व्हय," कमळाक्का म्हणाली. "माझ्याबी घरचं हाय."

शांतव्वाचा हात तोटीवरच राहिला. मग तिनं रिकामी बादली उचलली आणि ती आत गेली. कमळाक्का बौद्ध होती. इमारतीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कधी कुणी बोलत नव्हतं. आपण आता असलं काही मानत नाही, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मला त्या क्षणी शांतव्वाचा इतका संताप आला की मी तिच्या दाराकडं निघाले. कमळाक्कानं माझा दंड धरला.

"कुठं निघालीस? तिला शिकवायला? शाळेत शिकवतीस तेवढं पुरे."

वर तिनं चहा केला, दोन कप मोजून पाणी घातलं, आणि मग एकदाच, पुन्हा कधी नाही, आपल्या गावचं सांगितलं. "आमची आय आडावर जायची, घागर घेऊन. आडाला हात लावायचा न्हाय. लांब उभं ऱ्हायचं. कुणाला दया आली तर वरनं ओतायचे. कवा कवा दोपार व्हायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी. घागर भरली की आय म्हणायची, सांडू नको गं, परत कोण देईल न देईल." तिनं चहा गाळून कप माझ्यापुढं ठेवला. "शांतव्वा आज घेतली न्हाय, उद्या घेईल. न्हायतर परवा. मी काय ड्रम उचलणार न्हाय."

"आणि नाहीच घेतलं तर? तुमचं घर जाईल."

"जाऊ दे की. पर तिचं आधी जाईल गं. ते तिलाबी कळतंय."

दोन-तीन दिवस ड्रम तसाच भरून राहिला. कमळाक्का त्या पाण्यानं जिना, अंगण, फाटकाबाहेरचा रस्तासुद्धा धुवायची. मग एका सकाळी तात्यांचं पोट बिघडलं. शांतव्वाच्या घरातनं बादल्यांचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि नळ. वर पाटीलवहिनींनी खिडकी उघडून खाली बघितलं, आणि खिडकी उघडल्याचा आवाज शांतव्वाला बरोबर ऐकू गेला. नळ बंद झाला. मी शाळेला निघाले होते. जिन्याच्या वळणावरनं मला दिसलं, शांतव्वा बाहेर आली, इकडं तिकडं न बघता ड्रमची तोटी सोडली, एक बादली भरली, आत गेली, परत आली. तिसऱ्या खेपेला कमळाक्का माझ्या मागून उतरत आली. मला वाटलं, आता काही बोलेल. तिनं ड्रमकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचून, पांढरे बूट दारात काढून सरळ शांतव्वाच्या घरात गेली आणि म्हणाली, "कुशीवर घे त्यांना. पाठ बघू."

पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. शांतव्वा त्या जखमा पाणी घालघालून धूत होती, त्यातच ओलावा राहत होता. कमळाक्कानं तिला दोन घमेली आणि चार फडकी घेऊन माणूस कसा पुसायचा, कसा कोरडा करायचा ते दाखवलं. मग रोजच ती सकाळी खाली जायला लागली. तात्यांना बोलता येत नसे. ती आली की ते चांगला हात उचलायचे. "नमस्कार पुरे, कूस बदला आता," असं ती म्हणायची आणि तात्या आवाज न करता हसायचे.

पहिलं बिल आलं ते थोडंसंच उतरलं होतं. पाटीलअण्णा जिन्यात कमळाक्काला म्हणाले, "आक्का, एवढ्यानं काय व्हत न्हाय." ती म्हणाली, "दिवाळी कुठं आली अजून?" पण त्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली तेव्हा उंबऱ्यात थांबली नाही, नळही ऐकला नाही. तशीच येऊन बसली. म्हणाली, "बाई, पुण्याला लेकाचं घर लहान हाय. दोन खोल्या." मी म्हटलं, "आक्का, असं काही होत नाही." ती म्हणाली, "व्हईलबी. पर मी बोललेली हाय."

आता जे झालं ते तिनं आधी ठरवून केलं होतं का, हे मला अजूनही माहीत नाही. मी विचारलं तर ती नुसती हसायची. झालं असं, की मोरीत ओतायला काहीच कष्ट नव्हते. घागर कलती केली की संपलं. पण काखेत भरलेली घागर घेऊन दोन जिने उतरायचे, ड्रममध्ये ओतायची आणि परत चढायचं, तेही रोज सकाळी, डबे करायच्या घाईत, म्हटल्यावर सगळ्यांच्या कमरा बोलायला लागल्या. कुणी चुकून मोरीत ओतलंच तर कमळाक्का दारात बादली घेऊन हजर. "ओता की वैनी, मी नेते खाली." सत्तरीची बाई आपलं पाणी वाहून नेते हे बघून ओतणारीचाच हात अडायचा. आणि मग हळूहळू एक चमत्कार झाला. पाणी शिळं होईनासं झालं. पाटीलवहिनींनी एक दिवस कालच्या घागरीतलं पाणी तोंडाला लावलं आणि मला म्हणाल्या, "चांगलं तर हाय की गं. चवबी तीच हाय." मी म्हटलं, "वहिनी, एकाच टाकीतलं आहे." पुढच्या आठवड्यात त्यांच्या पितळी घागरी धुऊन-पुसून माळ्यावर गेल्या. इतरांनीही भरून ठेवायचं सोडलं. एवढं भरून मग उतरवायचं कुणी?

ड्रम रिकामा राहायला लागला. शांतव्वा एका सकाळी घाबरून वर आली. "आक्का, आज ड्रममध्ये थेंब न्हाय. मी धुणं कशात करू?"

"नळाखाली कर," कमळाक्का म्हणाली. "बिनधास्त सोड. तुझ्यामुळं बिल वाढत नव्हतं."

दिवाळीच्या आधीचं बिल पाटीलअण्णांच्या हातात पडलं, ते त्यांनी दोनदा बघितलं. मग पाणीखात्याला फोन करून चुकून मागच्या वर्षीचं तर नाही ना, हेही विचारलं. आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. सगळे पुन्हा हॉलमध्ये जमलो. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "चांगलं झालं. ऱ्हाऊ देत त्यांना."

मला वाटलं, संपलं. सुटकेनं मी उठलेसुद्धा. पण कमळाक्का बसूनच राहिली.

"ऱ्हाऊ देत म्हणजे काय अण्णा? तिच्यावर मेहेरबानी व्हय? पाणी आपण सगळे ओतत होतो आणि नाव तिच्यावर घातलं. ते खाली जाऊन तिला सांगा."

"आक्का, झालं गेलं..."

"झालं खरं. पर गेलं न्हाय. ती अजून नळ बारीक सोडतीय, तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून."

अण्णांचा चेहरा लाल झाला. वहिनी त्यांच्याकडं बघत होत्या. माणूस वाईट नव्हे हे मी आधीच म्हटलं. ते उठले, चपला न घालता तसेच खाली गेले. आम्ही जिन्यात थांबलो. तात्यांच्या खाटेजवळ उभं राहून ते म्हणाले, "तात्या, आमचं चुकलं. तुम्ही निवांत ऱ्हावा हितं." तात्यांनी चांगला हात उचलला. शांतव्वा भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. कमळाक्का आत गेली नाही. ती माझ्यामागं जिन्यात उभी होती, आणि मी वळून बघितलं तर ती डोळे पुसत होती. "काय बघतीस," ती मला म्हणाली, "घरी जा, तुझ्या मोरीत नळ चालू हाय." तो चालू नव्हता.

तात्या पुढं दीड-दोन वर्षं होते. त्याच घरात, आपल्या अंथरुणावर, कोरड्या पाठीनं गेले. शांतव्वा आणि शंकर तिथंच राहिले.

गेल्या हिवाळ्यात कमळाक्का खडेबाजारात रिक्षातनं उतरताना पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आली, पण उभं राहणं जमेना. मुलगा पुण्याला न्यायला येणार होता. तोवर आम्हीच आळीपाळीनं बघत होतो. आणि त्या दिवसांत तिनं अंघोळीला साफ नकार दिला. "फडक्यानं पुसा, तेवढं बास." मी म्हटलं, "आक्का, केस धुवायला झालेत, जटा होतील." तर म्हणते कशी, "माझ्या चादरीचं धुणं काय कमी व्हायलंय? ह्या खेपेचं बिल बघ, सगळ्यांना पडणार." आजारी माणसाच्या पाण्यासाठी जी सगळ्या इमारतीशी भांडली, ती स्वतःची पाळी आल्यावर तांब्ये मोजत पडली होती. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतं तेव्हा मला काहीच करता येत नाही. मी खाली जाऊन शांतव्वाला सांगितलं.

कमळाक्का पुण्याला गेली त्यानंतर परत आली नाही. सहा महिन्यांनी तिथंच वारली. पण ती गाडीत कशी बसली, हात हलवला की नाही, हे मला आठवत नाही. मला त्याच दिवशीची सकाळ आठवते.

शांतव्वा दोन बादल्या कढत पाणी घेऊन दोन जिने चढून आली. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आम्ही दोघींनी कमळाक्काला उचलून तिच्यावर बसवलं. "शांतव्वा, नको गं," कमळाक्का म्हणाली. शांतव्वानं लुगडं खोचलं, आक्काचा अंबाडा सोडला, पांढरे केस हातानं मोकळे केले आणि डोक्यावर पहिला तांब्या ओतला. मग शिकेकाई लावली. पाठ चोळली, हात चोळले, पायांची बोटं एकेक करून धुतली. कमळाक्का मध्ये मध्ये "बास, बास गं, किती" म्हणत होती, आणि शांतव्वा "साबण हाय अजून" एवढंच म्हणत तांब्या बुडवत होती. मी टॉवेल धरून दारात उभी होते. हळूहळू कमळाक्काचं बास म्हणणं थांबलं. खांदे सैल झाले. डोळे मिटून तिनं मान मागं टाकली आणि पाणी कपाळावरनं, गळ्यावरनं वाहू दिलं. पहिली बादली संपली. शांतव्वानं तांब्या खाली ठेवला आणि टॉवेलसाठी माझ्याकडं हात केला.

डोळे न उघडता कमळाक्का म्हणाली, "शांतव्वा, हाय का गं अजून ऊन पाणी?"

"हाय की," शांतव्वा म्हणाली आणि तिनं दुसरी बादली पुढं ओढली.